टो करावाच लागेल

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी आली. चारही शॉकअब्सॉर्बर नवे, स्प्रिंगा नव्या, आधीच्यापेक्षा भारीतल्या. फिटर म्हणाला, "काका, आता खड्ड्यातून गेलात तर खड्ड्यालाच कळेल, तुम्हाला नाही." बोलायला गोड आहे. ह्या सगळ्याला मिळून सस्पेन्शन म्हणतात. कारखान्यात हा शब्द ऐकला की समजायचं, कुणाला तरी घरी बसवलंय. आता तेच पैसे देऊन बसवून घेतलं.

हिच्यासाठी केलं. कमरेचं दुखणं आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यावं लागतं. निम्म्या वाटेत कण्हायला लागते. पोचल्यावर दार धरून उभी राहते, मग पाऊल टाकते. विचारलं तर म्हणते, "गाडीत जरा जास्तच होतं." म्हणजे धक्के. गाडी जुनी, शॉक बसलेले. मनाला लागलं ते.

फिटरने निघताना बजावलं — चाकं आम्ही खोलून बसवलीत, आता अलाइनमेंट, म्हणजे चाकं एका रेषेत, लगेच करून घ्या, नाहीतर टायर खाईल. ते मशीन त्याच्याकडे नाही, दुसऱ्याकडे जायचं. अर्धं काम एकाने करायचं, अर्धं दुसऱ्याने. मग बिघडलं तर धरायचं कुणाला?

६ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी डावीकडे ओढते.

की माझा डावा हात ओढतो? कुणाला विचारायची सोय नाही. स्टिअरिंग सरळ धरलं तर गाडी रस्त्याच्या कडेला निघते. गाडी सरळ ठेवली तर स्टिअरिंग तिरकं दिसतं, भिंतीवर वाकड्या लागलेल्या फोटोसारखं. लोक म्हणतात रिकाम्या रस्त्यावर हात सोडून बघावं. सोडवत नाहीत.

दुपारी दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. डावी जड लागली. मग बघतो तर डावीत पाणीच जास्त होतं. पाणी सारखं करून पुन्हा उचलल्या, तर तेवढ्यात ही दारात. "झाडांना घालताय की फिरवून आणताय?" म्हटलं, घालतोय. घातलं.

लेकीला ह्यातलं काही कळता कामा नये. ती आधीच टपलेली आहे. दर फोनला तेच — "बाबा, किती वर्षं चालवणार? भाड्याची गाडी बोलवा, दोघं मागे बसून आरामात जा." आरामात! गाडी आहे तोवर मी हिला नेतो-आणतो. गाडी गेली की मी हिच्यामागून पिशवी धरून चालणारा म्हातारा. दुसरं काही काम उरलेलं नाही मला ह्या घरात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हिला नेलं. गादीवरून चालल्यासारखी गाडी, पण ओढते. आणि ही कण्हलीच.

शेजारच्या भोंग्याला विचारलं. (बस चालवण्यात जन्म गेला त्याचा, हळू बोलणं जमत नाही, म्हणून भोंगा.) म्हणाला, नव्या स्प्रिंगांना अंग टाकायला वेळ लागतो. असेल.

हिने जावयाला अलाइनमेंटचं सांगून टाकलं. त्याचा लगेच फोन — "बाबा, माझ्या ओळखीचा आहे एक जण, मी बोलून ठेवतो, उद्याच जा." एरवी महिना महिना ह्याचा फोन नसतो. आजच बरी घाई झाली.

८ नोव्हेंबर, शनिवार

नीट लिहितो.

जावयाने सांगितलेल्या ठिकाणी गेलो. गाडी फळ्यांवर चढवली, चारही चाकांना पाट्या अडकवल्या, समोर टीव्हीवर आकडे. सगळे लाल. मला काचेच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. मशीनवाला बाहेर फोनवर. दार नीट लागत नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.

"हो साहेब, काका इथेच बसलेत... नाही नाही, त्यांना काही बोललो नाही... टो फारच गेलाय. टो करावाच लागेल... हो, तुम्ही म्हणाल तर आत्ता करतो."

ग्लास खाली ठेवला. टो म्हणजे काय हे मला चांगलं माहीत आहे. बाजारात भलत्या जागी गाडी लावली की पुढची चाकं उचलून ओढत नेतात, तो टो. जावयाने आणि ह्याने मिळून ठरवलेलं दिसतं — म्हाताऱ्याला काचेत बसवा, पाणी पाजा, गाडी न्या. म्हणून एवढी आपुलकी!

बाहेर गेलो आणि म्हटलं, गाडी खाली घ्या.

"काका, अजून काहीच केलं नाही."

"खाली घ्या. घरी गॅस चालू राहिलाय."

"घरी कुणी असेल ना? फोन करा."

"बायको बहिरी आहे."

देवा. हिला कळलं तर! त्याने पाट्या काढल्या, मी चावी हिसकावली आणि निघालो. कोपऱ्यापर्यंत आरशात बघत होतो, मागून येतो की काय. गाडी डावीकडे, डोळे मागे. कसा पोचलो ते माझं मला माहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

गाडी तोंडाने भिंतीला टेकवून लावली. मागे दोन कुंड्या ठेवल्या. आता उचला म्हणावं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कुंड्या हलवून हिला नेलं. पुलावर गाडी कठड्याकडे निघाली, जोर लावून वळवली. ही "अहो" एवढंच म्हणाली. दाराची मूठ घट्ट धरून बसली.

संध्याकाळी लेकीचा फोन. "बाबा, काम अर्धं टाकून का आलात? त्या माणसाने ह्यांना फोन केला, काका रागावले का म्हणून. पैसे हे देणार होते, म्हणून तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं."

पैसे तो देणार होता! गाडी न्यायची ती न्यायची, वर उपकार. "गाडी माझ्या नावावर आहे," म्हटलं आणि ठेवून दिला. मग जेवण गेलं नाही. ही विचारत राहिली, "काय झालं ते तरी सांगाल?" काय सांगू? तुझी लेक आणि जावई — असं तोंडातून काढवत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भोंगा सकाळी कुंड्यांपाशी थांबला. वाकून पुढच्या टायरवरून हात फिरवला. "अरे, आतली कड खरवडायला लागली की! अलाइनमेंट केली नाहीस?"

सगळं सांगून टाकलं. फोन, काचेची खोली, टो. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. माझं संपायच्या आत तो कंपाउंडला धरून हसायला लागला. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"उभा राहा," म्हणाला. "चवडे बाहेर कर. अजून. बदकासारखे. आता चाल."

चाललो.

"सरळ जायला जमतंय?"

नाही जमत म्हटलं.

"हा तुझा टो. टो म्हणजे पायाचा चवडा, शहाण्या. चाकांचे चवडे आत-बाहेर झालेत, ते सरळ करायचे म्हणजे टो करायचा. तुझी गाडी कोण नेतोय? भंगारवाला तरी दोनदा विचार करेल."

खिडकीतून हिचा आवाज — "सकाळी सकाळी काय चाललंय दोघांचं?"

"टो करतोय," भोंगा ओरडला. "वहिनी, तुम्हाला ऐकू येतं ना?"

ती बहिरेपणाची थापही त्याला सांगून बसलो होतो.

पाचवीनंतर शाळा सुटली, पुढचं इंग्रजी सगळं कानावर पडलेलं. एकच शब्द, किती ठिकाणी वापरतात लोक. जावयाला फोन करायला हवा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उघडायच्या आधीच दुकानापाशी जाऊन उभा. मशीनवाल्याने ओळखलं. "काय काका, गॅस बंद झाला का?" मी मान हलवली. त्याने जास्त ताणलं नाही, चांगला माणूस आहे. ह्या वेळी मी बाहेरच उभा राहिलो. तो खाली उतरून पाना फिरवायचा, वर टीव्हीवर आकडा लाल असायचा तो हिरवा व्हायचा. एकेक करून सगळे हिरवे झाले. स्टिअरिंग सरळ.

मोकळ्या रस्त्यावर हात सोडले. थोडेच, बोटभर वर. गाडी नाकासमोर गेली! पुन्हा सोडले. पुन्हा सरळ. म्हणजे हात माझे ठीक आहेत. गाडीतच होतं सगळं. रस्त्याच्या कडेला थांबलो. तिथूनच जावयाला फोन केला. "झालं काम," म्हटलं. "तुमचा माणूस चांगला आहे." तो म्हणाला, "बरं झालं बाबा." एवढ्यावर मिटलं. माफी मागायची राहिली.

दुपारी हिला नेलं. शॉक नवे, स्प्रिंगा नव्या, चाकं सरळ, ओढ नाही, धक्का नाही. बाजारातून जाताना तिला म्हटलंसुद्धा, बघ कशी चालतेय. "हो," म्हणाली.

आणि पूल आला तशी कण्हली. पोचल्यावर दार धरून उभी राहिली, आधीपेक्षा जास्त वेळ.

डॉक्टरीणबाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आज पुन्हा फळी झालीय पाठीची. घरून निघतानाच अशी असते का?"

ही म्हणाली, "नाही."

माझ्याकडे बघितलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिच्या सीटचा फोम बसला असेल. बदलून किती पडेल विचारून आलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लेक आली होती. म्हणाली, आज मी चालवते, तुम्ही मागे बसा. वाद घातला नाही. पुलापलीकडे रस्ता खणून ठेवलाय, तिने एकही खड्डा चुकवला नाही, गाडी दोनदा चांगलीच उसळली. मी पुढे वाकलो — हिला विचारायला, फार दुखलं का.

झोपली होती. मान सैल, हात मांडीवर उघडे.

चावी लेकीच्या पर्समध्ये आहे. मागितली नाही.