उजव्या बुटातली जागा

९ ऑक्टोबर २००४, शनिवार

उजवा बूट मोठा आहे. डोळ्यांना तसे भासले म्हणून फूटपट्टीने मोजला — तेरा मिलिमीटरांचा फरक. आतले शिक्के पाहिले: डाव्यावर पाच, उजव्यावर साडेसहा. म्हणजे ही जोडी नव्हेच! दोन निराळ्या व्यक्तींचे दोन बूट एका खोक्यात.

घटनाक्रम नोंदवून ठेवतो, पुढे लागेल. दुपारी दुकानातून फोन आला, बूट तयार आहेत. उल्का झोपली होती. हल्ली ती दुपारची झोपते. ऑगस्टमध्ये बूट मापाने करायला टाकले तेव्हाच तिने बजावले होते, "बूट मी आणीन. तुम्ही त्या दुकानात जाऊ नका, उगाच डोकं उठेल तुमचं." तरी मी गेलो. ती जागी होईल तेव्हा खोका समोर असावा, एवढाच हेतू.

कॉव्हेंट्रीत, बाजारामागच्या गल्लीत, अमेरिकी गुराख्यांचे कपडे विकणारे दुकान असावे आणि ते चालावे, याचे मला आजही नवल वाटते. भिंतभर हॅटा. बशीएवढ्या बकलांचे पट्टे. दाराशी लाकडी घोडा. गिऱ्हाईक मात्र गुराखी नव्हेत — लाइन डान्सिंग करणाऱ्या निवृत्त बायका. त्यांच्यातली एक माझी पत्नी! तीस वर्षे इथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून काढली, आणि निवृत्तीनंतर दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये रांगेत उभी राहून टाचा आपटते. मी पुण्यात तर्कशास्त्र शिकवले, इथे प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गांतही तेच शिकवले. या छंदाचे समर्थन मात्र मला कधी रचता आले नाही. तिने ते मागितलेही नाही.

वीस नोव्हेंबरला त्यांच्या क्लबला दहा वर्षे होतात. कार्यक्रम आहे. उल्का पहिल्या रांगेत, उजव्या टोकाला. सगळी रांग तिच्या उजव्या टाचेवरून वळते, असे तिनेच मला सांगितले होते. त्याच पायात सैल बूट? पडेल ती. एकाहत्तराव्या वर्षी मोडलेले हाड जुळत नाही.

खोका पाहून तिचा चेहरा उतरला. "तुम्ही का गेलात?"

"माप चुकलंय."

"असू दे हो. मला होतील."

"घालून पाहा."

"नंतर."


११ ऑक्टोबर, सोमवार

दुकानाला फोन केला. मालकीणबाई मिसेस हॅडली. "ऑर्डरप्रमाणेच केलेत, सर. मापं मी स्वतः घेतली. तुमच्या मिसेसना पाठवा ना एकदा."

एकाच स्त्रीच्या दोन पायांत दीड मापाचा फरक निघाला, तो आपल्याला विचित्र वाटला नाही का, असे मी विचारले.

"सत्तावीस वर्षं पाय बघतेय, लव्ह. मला काही विचित्र वाटत नाही."

हे उत्तर नव्हे. 'लव्ह' हे संबोधनही नव्हे.


१४ ऑक्टोबर, गुरुवार

उल्का जुन्या कापडी बुटांतच क्लासला गेली आणि अर्ध्यातून परतली. दमले, म्हणाली. नवे बूट खोक्यात. या वयात माणसाला नीट बसणारी एक वस्तू मिळू नये?


१६ ऑक्टोबर, शनिवार

खोका घेऊन स्वतः गेलो. मिसेस हॅडलींनी बसायला स्टूल दिले — वर खोगीर! मी उभाच राहिलो. वीस मिनिटे उभा होतो. मागे लावलेल्या गाण्यात कुणीतरी हरवलेल्या कुत्र्याबद्दल रडत होते.

मी म्हणालो, आपली चूक झाली असल्यास ती मान्य करण्यात कमीपणा नाही.

"चूक झाली असती तर मान्य केली असती. तुम्ही डॉकशी बोललात का?" उल्काला ती 'डॉक' म्हणते.

"माझ्या पत्नीला यात ओढण्याचे कारण नाही. तिला तक्रार करणे आवडत नाही."

"ते माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. आणि माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की जणू उत्तर मीच द्यायचे होते.

ऑर्डरचा कागद दाखवा म्हटले. नाही! "तो डॉकचा कागद आहे. त्यांनी सांगितलं तर दाखवते." प्रश्न बुटाचा, गोपनीयता वैद्यकीय! थकून बाहेर पडलो.


१७ ऑक्टोबर, रविवार

मंजिरी आणि मायरा वॉटफर्डहून आल्या होत्या. लेक स्वयंपाकघरात आईशी बोलत असताना नात माझ्या खोलीत आली. बारा वर्षांची आहे. शब्दांची लिंगे तिच्यापुढे हात टेकतात. निरीक्षण मात्र स्वच्छ.

"आजोबा, तुम्ही आजीचा बूटवर लेटर लिहितो?"

"लिहिणार आहे."

"मला एक क्वेश्चन आहे. आजीची एका पायात रिंग आहे आणि एका पायात नाही. व्हाय?"

मी पेन खाली ठेवले. जोडवी! लग्नापासून तिच्या दोन्ही पायांत आहेत. जेवताना विचारले, "उजव्या पायातलं जोडवं कुठे गेलं?"

"टोचत होतं. काढून ठेवलं," उल्का म्हणाली आणि मायराला पोळी वाढली. तिने मागितली नव्हती.

"ऑगस्टमध्ये होतं का?"

"असेल."

आता उलगडा झाला. माप घेताना त्या बाईंनी उजवे जोडवे काढायला लावले नाही, वर जाड मोजाही असणार; डाव्या पायाच्या वेळी काळजी घेतली, उजव्याच्या वेळी गप्पांत ती राहून गेली. इंग्रज बाईला जोडवे काय ठाऊक? पायाचे माप घ्यायचे, ते तिने दागिन्यासकट घेतले. कारण सापडले की शीण निम्मा उतरतो.


१८ ऑक्टोबर, सोमवार

पत्र पाठवले. न्यायशास्त्रातल्या अनुमानाचे पाचही अवयव पूर्ण. प्रतिज्ञा: उजवा बूट सदोष आहे. हेतू: कारण तो डाव्याशी समान नाही. उदाहरण: जी जी जोडी निर्दोष, तिचे दोन्ही बूट समान, जसे माझे स्वतःचे. उपनय: प्रस्तुत जोडी तशी नाही. निगमन: म्हणून सदोष. खाली जोडव्याविषयी एक स्पष्टीकरणात्मक परिच्छेद, आणि मागणी — उजवा बूट पाच मापाचा, वीस नोव्हेंबरपूर्वी.

उल्काला वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या अवयवापाशी ती उठली. "पत्र छान आहे," दारातून म्हणाली. "पण सोडून द्या ना."

"तू पडशील."

"नाही पडणार."

"कशावरून?"

ती वर गेली. जिना चढताना मध्ये थांबली.


२२ ऑक्टोबर, शुक्रवार

उत्तर नाही.


२३ ऑक्टोबर, शनिवार

तिसरी फेरी. या वेळी फक्त उजवा बूट नेला आणि काउंटरवर ठेवला. शहराच्या कौन्सिलकडे लेखी तक्रार करीन, असे शांतपणे सांगितले. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. दोघी हॅटांकडे पाहू लागल्या.

मिसेस हॅडलींनी चष्मा काढला. "मिस्टर डॉक," — हो, असेच म्हणाल्या! — "मी शेवटचं विचारते. घरी विचारलंत?"

"विचारण्यासारखे काही नाही. बूट माझ्यासमोर आहे."

"ठीक आहे. पाच. करून देते." त्यांनी बूट उचलला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. "हा मोडणार नाही मी. इथे राहील."

तो त्यांचा प्रश्न. मला हवे ते मिळाले. बाहेर पडलो तेव्हा पाय जड झाले होते. जिंकल्यावर असे का व्हावे?

घरी सांगितले, उजवा बूट बदलायला दिला. उल्काने खोक्यात उरलेल्या डाव्या बुटावर झाकण ठेवले. मग म्हणाली, "बरं." मागाहून हॉलमध्ये तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला, हळू. मी ऐकत बसणाऱ्यांतला नाही.


१२ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. उल्काने पूजा खुर्चीत बसून केली. गुडघा, म्हणाली. हरीश जावईबापूंना शुभेच्छा देऊन झाल्यावर फोन मंजिरीने घेतला. उल्का तिला म्हणाली, "वीस तारखेला सगळे या. मला तुमच्याशी बोलायचंय." नाचाचे आमंत्रण एवढ्या गंभीरपणे!


१६ नोव्हेंबर, मंगळवार

बूट आला. पाच. दोन्ही शेजारी ठेवून मोजले — समान. सोबत चिठ्ठी, खुलासा, क्षमा, काही नाही. तरी निर्णय माझ्या बाजूने लागला. उल्काने खोका कपाटात ठेवला. "घालून पाहा," मी म्हणालो. "पाहीन."


१९ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचे आजच लिहून ठेवतो.

उद्या कार्यक्रम, म्हणून दुपारच्या जेवणानंतर पुन्हा आठवण केली. ती झोपायच्या खोलीत गेली आणि बाहेर येईना. दार ढकलले. पलंगाच्या कडेला बसली होती. डाव्या पायात बूट चढलेला. उजवा घोट्यापाशी अडकलेला, आणि ती दोन्ही हातांनी ओढत होती. रडत नव्हती. कपाळावर घाम होता.

मी बूट काढला, मोजा काढला. पाय मी पाहिला.

तो तिचा पाय नव्हता. घोट्याला आकार उरला नव्हता. कातडी ताणून चकाकत होती. बोट टेकवले तर खळगा पडला आणि भरून आला नाही. जोडव्याच्या जागी जुनी पांढरी रेघ; एवढ्या सुजेतून ते निघणे शक्य नव्हते — ते काढलेले नव्हते, कापलेले होते.

"कधीपासून?"

"मेपासून."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"अहो, मी कोण आहे?" ती जवळजवळ हसली. "पोटात गाठ आहे. ती वर दाबते, पाय खाली सुजतो. स्कॅन केलाय. सोमवारी इस्पितळात जायचंय. मीच सोमवार मागून घेतला. त्याआधी एकदा नाचायचं होतं, बस."

"आणि आम्हाला?"

"उद्या सांगणार होते. हरीशला, मंजिरीला. तुम्हालाही."

"मला त्यांच्याबरोबर? बेचाळीस वर्षं..."

"तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता," ती म्हणाली. "आणि मी हरले असते."

 ते विधान खोडण्याजोगे नव्हते. दोन्ही पाय समान आहेत, हे मी सिद्ध न करता धरून चाललो होतो. त्यावर महिनाभर इमारत रचली. फूटपट्टी बुटाला लावली. दीड महिना घरात वावरणाऱ्या पायाकडे एकदाही खाली पाहिले नाही. मुलीच्या मुलीने पाहिले!

कोट घातला. दुकान साडेपाचला बंद होते, पाचला पोहोचलो. धाप लागली होती. मिसेस हॅडली काउंटरमागून बाहेर आल्या. शिडी घेतली, वरच्या फळीवरचा बूट काढला, झटकला, कागदात गुंडाळला. "डॉकचा फोन आला होता," म्हणाल्या. "म्हणाल्या, राहू दे तो. ते येतील न्यायला."

मी क्षमा मागितली. पूर्ण वाक्यात मागायची होती, अर्धेच निघाले.

"बसा, लव्ह," त्या म्हणाल्या. मी खोगिरावर बसलो. त्यांनी चहा आणला. चहासोबत ऑर्डरचा कागद समोर ठेवला. "आता बघा. त्यांनी परवानगी दिलीये."

तिथे उघडवला नाही. खिशात आहे.


२० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कागद वाचला. उल्काचेच अक्षर, केस पेपरवर लिहावे तसे: 'उजवा पाय — आजचे माप साडेपाच. बूट साडेसहाचा करावा. सूज वाढेल, तेवढी जागा ठेवावी.'

आता संध्याकाळचे सहा वाजले. सगळे खाली गाडीत आहेत. बूट मी घातला, गुडघ्यावर बसून. टाच आत गेल्यावर मागून बोट घालून पाहिले. शिरले नाही.

"होतोय ना नीट?" तिने विचारले.

"अगदी मापाचा आहे," मी म्हणालो.