तुझ्या डाखांचं वजन

चि. धाकट्यास,

तुझ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. सत्तरी उलटली तरी तू धाकटाच, त्याला माझा इलाज नाही. गुडघे काय म्हणतात? खोकला गेला का, की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे? आम्ही सगळे ठीक. मी बोलतेय आणि सूनबाई लिहितेय, तेव्हा अक्षर सुबक वाटलं तर ते तिचं, आणि मजकूर खोचक वाटला तर तो माझा.

पत्राला कारण तुझी जुनी गाडी. इथलं बिऱ्हाड हलवताना तू मला दिलीस ती. (मला दिलीस, तुझ्या भाच्याला नव्हे, हे त्याच्या लक्षात राहत नाही.) मध्यंतरी तिला पेट्रोलचा असा वास सुटला की शेजारीण नाकाला रुमाल लावून आमच्याकडे साखर मागायला यायची. यायची थांबली नाही, ते सोड. चौकात पोचलो की गाडी काळा धूर ओकायची, खोकायची आणि गप्प. मागे भोंग्यांचा गोंधळ, आणि भाचा घामाघूम. अशा वेळी त्याने काय करावं? चोक ओढावा! इंजिनात आधीच पेट्रोल गळ्याशी आलेलं आणि हा आणखी पाजतोय. ठसका लागलेल्याच्या तोंडात वर घास कोंबावा, तसं. गॅरेजवाल्याने प्लग काढले, पुसले, वाळवले आणि म्हणाला, "आजी, आता बघा कशी पळते." पळाली. गॅरेजपासून घरापर्यंत.

शेवटी भाच्याने फर्मान काढलं: रविवारी भंगारवाला येईल, गाडी जाईल. आपल्या ताईला आता अंथरुणातून उठवत नाही, आणि ती राहते त्या लेकीच्या घरी मला नेणारी ही एकच. टॅक्सी असते, कबूल. पण ती इतकी बुटकी की मी बसत नाही, विहिरीत पडते. मागच्या खेपेला मला बाहेर काढायला ड्रायव्हर, फुलवाला आणि एक अनोळखी बाई लागली (बाई दमली बिचारी, पण हसत होती). तुझ्या गाडीत मी पायरीवर पाय ठेवते आणि राणीसारखी चढते. ती गेली असती तर ताईचं तोंड दिसणं संपलंच होतं रे.

शनिवारी सूनबाईने (लिही गं, लाजतेस काय) स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं केलं, जुनी चादर अंथरली आणि कार्बोरेटर खोलला. तिची एक रीत आहे: एकेक स्क्रू वेगळ्या वाटीत, आणि निघाला त्या क्रमाने वाट्यांची रांग. घरातल्या सगळ्या वाट्या कामाला लागल्या, त्यामुळे दुपारी आम्ही पातळ पदार्थ ताटातच अडवून जेवलो.

मला तिने समजावलं ते असं. आत पेट्रोल साठायला छोटंसं भांडं असतं, त्यात पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. छपरावरच्या टाकीतला बॉल असतो ना, तसा. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि त्याच्या रेट्याने एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. आमचा फ्लोट वर यायलाच तयार नव्हता. तिने तो माझ्या कानाशी हलवला: आत खळखळ नाही. गरम पाण्यात दाबून धरला: बुडबुडा नाही, म्हणजे भोक नाही. मग उलटा केला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पोटावर कथलाचा डाख, डाखावर डाख, आणि त्यावरही डाख! धाकट्या, हे काम तुझंच. भोक पडलं की नवा आणायचं नाव नाही, द्या डाख. आणि तोही सढळ हाताने, जणू पंगतीला वाढतोयस. एवढं खाल्ल्यावर तो उठणार कसा? वाट उघडी, पेट्रोल वाहतंय, आणि वरून भाचा चोक ओढतोय.

सूनबाईने बारीक कानस घेतली आणि जास्तीचा डाख उतरवला, इतक्या सावकाश की मधे मी एक डुलकी काढून आले. भाचा दारात उभा राहून, "काही होणार नाही," म्हणत होता. ती म्हणाली, "तुम्ही फक्त चोकला हात लावू नका." पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. ना धूर, ना वास. रविवारी भंगारवाला आला तेव्हा आमच्या दाराला कुलूप होतं. आम्ही ताईकडे होतो, आणि गाडी हौसेने चालवली भाच्यानेच. ताईने दुपारभर माझा हात सोडला नाही.

सुनेचे आभार तोंडावर मानायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून तिच्याच हातून तुला लिहून घेतेय. (खोडू नकोस, मला कागदावरची खरखर ऐकू येते.) तुझेही आभार. तुझे डाख जड असतील, पण एकही गळला नाही.

तुझी बहीण

ता.क. घासून घासून फ्लोट पातळ झालाय, किती टिकेल कोण जाणे. तू एक कोरा फ्लोट कपाटात जपून ठेवलायस म्हणे. तो दे. डाख न देता.

आणखी एक. पोस्टाने पाठवू नकोस, हरवेल. स्वतः घेऊन ये. ताई सारखी विचारते, धाकटा कधी येणार. मी सांगून बसलेय की तू फ्लोट घेऊन निघालायस.

मामा, हे माझं मी लिहितेय, आईंना वाचून दाखवणार नाही. नवा फ्लोट गॅरेजवाल्याकडे मिळाला, कालच बसवला. त्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही रिकाम्या हाताने या, पण लवकर या.