चौथा हिस्सा

दि. ४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे याच्या पुढे सरकत नाही, म्हणून पत्र.

माझ्या हाती खोलीएवढी बॅटरी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुपारी उन्हाची वीज उतू जाते, दर पडतो, तेव्हा ती भरून घ्यायची. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की दर चढतो, तेव्हा विकायची. बाजार दर पंधरा मिनिटांनी रंग बदलतो, म्हणून कधी आणि किती हे माझा प्रोग्रॅम ठरवतो. त्यात मी तुमचा नियम घातलाय: तळाचा चौथा हिस्सा कधीच काढायचा नाही. तुम्ही सबस्टेशनात तीस वर्षं तोच पाळलात ना!

शेजारच्या टेबलावरचा शहाणा मात्र आपली बॅटरी तळापर्यंत खरवडतो आणि कमाईत रोज माझ्यापुढे जातो. मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत कारण दे, नाहीतर तुझीही बॅटरी त्याच्या प्रोग्रॅमवर टाकते. दोन वर्षांची मेहनत आहे हो, बाबा. नियमामागचं कारण नीट लिहून पाठवा, तुमचं पत्रच त्यांच्यापुढे ठेवते.

तुमची,
ठमी

दि. ७ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा अभिमानाने, एकदा घाम पुसत.

अगं, आमच्या बॅटऱ्या ॲसिडच्या. फार उतरल्या की कायमच्या बिघडायच्या. तेवढ्यापुरताच तो नियम! तुझी बॅटरी वेगळ्या जातीची. ती किती उतरू द्यायची ते बनवणाऱ्याच्या कागदात असेल; तिथे बघ, बापाकडे नको.

घरात मात्र मी तो नियम तेलाच्या बाटलीपासून तुझ्या रंगपेटीपर्यंत सगळ्याला लावला. तू कधी का म्हणून विचारलं नाहीस आणि मला ते गोड वाटायचं. चूक माझी आहे, पोरी. मॅडमना खुशाल माझं नाव सांग.

तुझाच,
बाबा

दि. १२ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कागद पाहिला. दहावा हिस्सा राखला की पुरे. सोमवारी मॅडमना सरळ सांगितलं, की नियम बाबांचा, बॅटरी भलतीच, आणि न तपासता घातला ही चूक माझी. शेजारचा फिदीफिदी हसला. मग मॅडमनी त्यालाही तोच कागद वाचायला लावला, तेव्हा कळलं की त्याची बॅटरी विनाकारण झिजतेय. माझा प्रोग्रॅम राहिला, फक्त प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहायची अट आहे.

काल आत्याचा फोन आला. गुरुवारी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणे, आणि मला कळवायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद. महिन्यापूर्वी मी मुकाट ऐकलंही असतं. पण मला न कळवण्याचं एकही धड कारण सापडेना, बाबा, नुसतं रडू आलं. बुधवारी पहिल्या गाडीने येते. नको म्हणायचं असेल तर कारण लिहून पाठवा. पत्र पोचेपर्यंत मी दारात असेन.

लोभ आहेच, तो असाच असू द्या.
तुमची,
ठमी