मोठ्या कानाचा कप

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच. येत्या ९ फेब्रुवारीला माझ्या आणि प्रिसिलाच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. रविवार आहे. माझगावच्या याच घरात, याच टेबलावर दुपारी बारा माणसांचं जेवण. मेलामाइनच्या प्लेटी बंद. जुनी, अस्सल विलायती क्रॉकरी शोधून आणायची. प्रिसिला टेबलाच्या टोकाला, तिच्या खुर्चीत.
सकाळी तिच्याकडून चहा सांडला. अर्धा कप. दोष कपाचा. कान एवढासा की माझी करंगळीसुद्धा जात नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
प्रिसिलाला घेऊन डॉक्टरकडे गेलो. त्याने एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. डायरी नवी आहे, इथे लिहीत नाही. हाताची थरथर वाढत जाईल म्हणाला. पोरगेला आहे. शिकेल.
येताना तिला टॅक्सीत बसवून मी चोरबाजारात उतरलो. शुक्रवारी तिथे रस्त्यावरसुद्धा माल असतो. दुकानातल्या चाचांनी विचारलं, काय दाखवू. म्हटलं, हाताला बसेल असा कप. ते म्हणाले, गिऱ्हाईक येतं ते बुडाचा शिक्का बघतं, हात बघणारे तुम्ही पहिले.
तासाभरात तीन गोष्टी शिकलो. बशी उलटी करून शिक्का बघायचा. नखाने टिचकी मारायची. घंटेसारखी वाजली तर धड, ठप्प वाजली तर आत तडा. उजेडाकडे धरून मागे बोट न्यायचं. बोटाची सावली दिसली की माल उंची. शहात्तराव्या वर्षी, कोणाच्या मदतीशिवाय.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
सहा कप आणले. गुलाबाच्या कळ्या, सोनेरी काठ. सावली दिसते. प्रिसिलाने बघितले आणि म्हणाली, छान आहेत रे, शोकेसमध्ये ठेव. मी म्हटलं, शोकेससाठी नाही, तुझ्यासाठी. चहा ओतून दिला.
कप पाच राहिले.
निष्कर्ष: वजन कमी पडलं. हलका कप हातात स्वस्थ बसत नाही. पुढच्या वेळी जड.

१३ डिसेंबर, शुक्रवार
जड आणले. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलचे, जाड काठाचे. एकाने नारळ फुटेल. तिने दोन्ही हातांनी उचलला. कप फुटला नाही. चहा सगळा अंगावर. बरं, कोमट होता.
झगा बदलायला आत गेली. पाऊण तास झाला तरी बाहेर नाही. दार वाजवून म्हटलं, बटणं मी लावतो. म्हणाली, तू नको. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गंगुबाईला हाक मारली, तिने लावली. गंगुबाई म्हणजे जयवंतची बायको. जयवंत आणि मी गोदीत एकाच शेडमध्ये फिटर होतो. ती वर आली की दोघी बायका काय बोलतात कळत नाही, पण बोलतात.

२६ डिसेंबर, गुरुवार
नाताळ बरा गेला. वसईहून क्लेअर आली. आईसाठी प्रेझेंट आणलं: प्लास्टिकचा कप, वर झाकण, झाकणाला चोच. म्हणाली, पप्पा, मम्मीला बरं पडेल. मी तिला सांगितलं, या घरात तू मोठी झाल्यापासून कोणी बाळ नाही. कप माळ्यावर टाकला. नंतर मायलेकी किचनमध्ये हळू आवाजात बोलत होत्या. मी गेल्यावर भाजीबद्दल बोलायला लागल्या. भाजी केलेलीच नव्हती.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
उपाय सापडला. इतका सोपा की स्वतःची लाज वाटली. अडतीस वर्षं गोदीत काढली आणि सुचलं नाही: बोट.
बोटीवर भर वादळात माणसं रस्सा-भात जेवतात. कारण तिथल्या कपाचं बूड रुंद, प्लेट खोल, काठ उंच. वर टेबलक्लॉथ ओला करून अंथरतात, म्हणजे प्लेट सरकत नाही. अख्खं जहाज हलतं तिथे जेवण होतं, मग नुसता एक हात हलला तर काय.
चाचांकडे भंगारात गेलेल्या बोटीचा सेट निघाला. निळा नांगर छापलेला. कपाच्या कानात तीन बोटं जातात. बारा माणसांना पुरेल, दोन बशा टिचलेल्या आहेत त्या मी आणि जयवंत घेऊ.
क्लेअरला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पप्पा, मम्मी बोट नाही. क्लेअर कॉमर्सला होती. तिला यातलं काय कळणार.

१४ जानेवारी, मंगळवार
रंगीत तालीम. टेबलक्लॉथ ओला केला. खोल प्लेटीत खिमा-भात. प्लेट एक सूतसुद्धा हलली नाही. हे मी प्रिसिलाला दोनदा सांगितलं. भात तोंडापर्यंत पोचला नाही, पण तो चमच्याचा प्रश्न. जुने चमचे बघावे लागतील.
जेवण झाल्यावर ती म्हणाली, कायतान, ते फेब्रुवारीचं रद्द कर. थकली होती.

२ फेब्रुवारी, रविवार
चर्चमधून, मिस्साहून येताना पुन्हा तोच विषय. म्हणाली, मला सगळ्यांसमोर जेवायला नको. मेन्यूचं टेन्शन घेतलंय तिने. सांगितलं, तळलेले फुगे आणि आपलं बाटली मसाल्याचं मटण बाहेरून येणार, तुला काही करायचं नाही, नुसतं बसायचं. ती माझ्या पुढे चालायला लागली. पटलेलं दिसतं.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६
पाहुणे गेले. टेबल असं दिसत होतं की फोटो काढून ठेवले. सगळ्यांनी प्लेटी उलट्या करून शिक्के बघितले.
प्रिसिला केक कापेपर्यंत खुर्चीत होती. सुरीवर माझा हात होता. मग किचनमधलं बघते म्हणून उठली. मी नांगराबद्दल सांगत होतो. अर्ध्या तासाने जयवंत म्हणाला, प्लेट ठेव बाजूला, वहिनी कुठे आहेत?
किचनचं दार लोटलेलं होतं. प्रिसिला स्टुलावर. समोर गंगुबाई मांडीवर स्टीलची ताटली घेऊन. एकाच ताटलीत दोघींचं. एक घास स्वतःला, एक तिला. गंगुबाई आपल्या मेलेल्या सासूची नक्कल करत होती आणि प्रिसिला हसत होती. हनुवटीवरून रस्सा ओघळत होता, पुसायची दोघींना घाई नव्हती.
हे हसणं गणपतीच्या आधीपासून ऐकलं नव्हतं.
दार होतं तसं लोटलं. बाहेर सांगितलं, ती पुडिंगचं बघतेय. पुडिंग नव्हतंच. कोणी विचारलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. भरवायचंच आहे ना, मग मी आहे. पन्नास वर्षांचा नवरा घरात असताना खालून माणूस कशाला?
मऊ भात केला, तूप घातलं. स्टीलच्या ताटलीत घेतला. पहिला घास तिने घेतला. दुसऱ्याला तोंड फिरवलं. म्हणाली, तुझ्या हातून नको.
विचारलं, का. तिने ताटली बाजूला सरकवली. मग म्हणाली, गंगुबाई टीव्ही बघत भरवते. तू माझा हात बघतोस.
म्हटलं, मी कुठे बघतो.
म्हणाली, आत्ताही बघतोयस.
बघत होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ८
चहा केला. माझा प्यायलो. तिच्या कपावर बशी झाकून ठेवली आहे. गंगुबाई घरचं आटोपून साडेनऊला येते.