तुमच्या स्पीकरमधून आईचा आवाज

अण्णा, तुमचं होम थेटर अजून चालतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, यंदा आईही गेली. सेनगावचं घर आवरायला म्हणून मी आले ती इथंच राहिले, आणि तुमचा हा काळा ठोकळा मात्र बटण दाबलं की निळा दिवा लावून हजर. जळफळाट होतो माझा. आईला तुम्ही त्याला कधी हात लावू दिला नाही. धूळ तेवढी पुसायची, तीही पुढूनच. मागं वायरी लावताना मला बॅटरी धरून उभं करायचात. जरा हात हलला की, "सरळ धर की! ध्यान कुठंय तुझं? पोरीच्या जातीला काय कळतं ह्यातलं!" कळत होतं, अण्णा. उजेड पडेल तिथं बघण्यावाचून मला दुसरं काम तरी काय होतं?

माझ्या लग्नाची डिस्क तुम्ही येईल त्या पाहुण्याला ह्याच्यावर दाखवायचात. घाणा भरायचा कार्यक्रम आला, मुसळाला हात लावून बाया ओव्या म्हणायला लागल्या, की "हे काय पाहता, पुढं घेऊ," म्हणून रिमोट दाबायचात, ते थेट तुमच्या भाषणापर्यंत. आईला ओव्या म्हणायला पार साखऱ्याहून बोलावणं यायचं, आणि घरच्या स्पीकरमधून तिचा आवाज कधी निघाला नाही. तो एकदा काढायचाच, असं तिचं तेरावं झाल्यावर मी ठरवलं.

तुमचा जुना प्लेअर डिस्क घेईना, म्हणून हिंगोलीहून नवा आणला. त्याला मागं एकच चपटं भोक, एचडीएमआयचं. तुमच्या ठोकळ्याला तसलं भोकच नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, भंगारात द्या हे. काहून तकलीफ घेऊन राहिल्या?" मी म्हटलं, "तुमी वायर द्या." प्लेअरची वायर टीव्हीला लावली, आणि टीव्हीतून ऑप्टिकलची बारीक वायर ठोकळ्याला. चित्र आलं, आवाज नाही. नव्या पद्धतीचा आवाज ह्या जुन्याला कळत नाही, म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून तो साधा, पीसीएमवाला केला, तेव्हा कुठं स्पीकर बोलला. बॅटरी दातात धरली होती, अण्णा. अगदी सरळ.

घाणा आला. आईचं तोंड हलतंय आणि स्पीकरमधून सिनेमाचं गाणं वाजतंय. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या, तरी तेच. शेवटी शूटिंगवाल्याला फोन केला. "ताई, अण्णांनीच बाजूला बसून करून घेतलं की ते. बायांचा कालवा काढ, चांगलं गाणं टाक म्हणले." मूळ कॅसेटचं विचारलं, तर म्हणाला, "तिच्यावर मंग दुसरं लग्न घेतलं. तवा तसंच करायचो आमी."

काय बिघडवलं होतं हो तिनं तुमचं? आयुष्यभर तुमच्या पाहुण्यांना चहा करत राहिली, आणि तिच्या ओव्या म्हणजे कालवा? रागानं डिस्क काढायला उठले, तोवर तुमचं भाषण लागलं. ते मी आजवर कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. त्याच्यावर गाणं नाही. घसा खाकरून माईकवर तुम्ही, "आलेल्या समद्या पाहुणे मंडळींनी..." आणि मागून, माईकपासून लांब, आई म्हणते, "अवो, पोरगी जेवली न्हाई आजून." तुम्ही मान वळवून "मधी बोलू नको" म्हणता, आणि भाषण पुढं चालू.

टीव्हीच्या चिरक्या आवाजात हे ऐकूच आलं नसतं. तुमचा ठोकळा चांगला आहे, तेवढं कबूल करते. पण तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि हे पत्र पाठवायचं तरी कुठं, म्हणून ठोकळ्यावरच्या कपड्याखाली सारून ठेवणार आहे. डिस्कवर चरे पडलेत, भाषणात पुढं घेतली की अडकते. त्यामुळं तुमचं भाषण पहिल्यापासून ऐकावं लागतं. रोज स्वयंपाक झाला की ते लावते, आई बोलेपर्यंत थांबते, आणि मगच ताट वाढून घेते.