बादशहाच्या दरबारात आई बसली

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली, पण लाल किल्ल्याचं चित्र कुठं दिसलं की मला आधी तूच आठवतेस. डोळखांबच्या शाळेत मी एकटी मुलगी होते. ऐन लावणीत काका बांधावरून ओरडले होते, "बादशांची नावं शिकून पोरगी काय दिल्लीला जानार हाय?" गुडघाभर चिखलात वाकलेली तू मान वर केलीस. "तिच्या वाटचा चिखल मी तुडवीन. तिला जाऊ द्या." मी शिकले, मुरबाडला मास्तरीण झाले. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही काही शिक्षक दिल्ली बघायला निघालो, तेव्हा तू हट्टानं बरोबर आलीस.

किल्ल्यात वाटाड्या हिंदुस्थानीत भराभर बोलतो आहे, आणि तू माझं कोपर ओढते आहेस. "काय सांगतो गो? तू सांग." मग मी घरच्यासारखी सांगू लागते. बाबर काबूलकडून आला, हुमायूनचं राज्य गेलं नि परत मिळालं, अकबरानं ते वाढवलं. त्याच्या नातवानं, शहाजहाननं, हा किल्ला बांधला, आणि पोटच्या पोरानंच त्याला आग्र्यात कोंडलं. "कोंडलं? मंग जेवाया कोन घालत होतं?" "लेक होती त्याच्या संगती." "मंग बरं," तू म्हणालीस. एव्हाना सगळे शिक्षक वाटाड्याला सोडून माझ्याभोवती जमले होते. महालातून जाणारा संगमरवरी पाट बघून तू थबकलीस. "पानी घरात? डोक्यावर हंडा नाय? हे खरं राजेपन."

परतताना दरबाराच्या लाल खांबांत आलो. बादशहा वर बसायचा, रयत खाली उभी राहायची, मी सांगितलं.

"बसायची नाय?"

"त्याच्यापुढं? नाय."

"आता कोनाचा हा वाडा?"

"आपला, आई."

"मंग बसू या." आणि तू तिथंच मांडी घालून बसलीस, पिशवीतून नाचणीचे लाडू काढलेस. पहारेकरी धावत आला, "उठो, माई!" तू त्याच्याही हातावर लाडू ठेवलास. तो गोंधळला, हसला. आधी आमचे मोठे गुरुजी तुझ्या शेजारी बसले, मग आम्ही सगळेच. मुरबाडची रयत दरबारात बसून लाडू खात होती, नि उठवणारं कुणी नव्हतं. काका तिथं हवे होते, असं मला फार वाटलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? लिहून घडी घालून ठेवते आहे. यंदा आमच्या शाळेची माणसं पुन्हा दिल्लीला निघाली आहेत, मलाही खूप आग्रह झाला. गुडघे दुखतात, असं सांगितलं मी त्यांना. गुडघे ठणठणीत आहेत, आई.