शनिवारचं पाप

५ सप्टेंबर, शनिवार

पाप सापडत नाही!

सकाळपासून शोधतोय. गाईचं दूध काढताना शोधलं, कोबीला पाणी देताना शोधलं. संध्याकाळी चर्चमध्ये पापकबुलीला जायचं आणि जाळीपलीकडे बसलेल्या फादरांना सांगायचं काय? गाईला शिवी दिली? ती मागच्या शनिवारी सांगून झाली. पाप करायलाही समोर माणूस लागतं. ही होती तेव्हा आठवडाभराचं सहज जमायचं — हिच्यावर ओरडलो, हिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, हिच्या भावाला मनातल्या मनात काय काय म्हणालो. आता हिला जाऊन तीन वर्षं होतील. मुलगा शहरात. घरात मी आणि मुकादम.

मुकादम म्हणजे कुत्रं. मुलानेच पिल्लू असताना आणलं आणि नावही त्यानेच ठेवलं, कारण काम काडीचं नाही आणि आरडाओरडा गावभर. घरच्या माणसांखेरीज सगळ्यांवर भुंकतो. फादरांवरसुद्धा!

संध्याकाळी गेलो. म्हटलं, या आठवड्यात विशेष काही नाही फादर. "छान! प्रायश्चित्त म्हणून एक 'नमो मारिया' प्रार्थना म्हणा." संपलं. गुडघे टेकले नाहीत तोच उठायची वेळ.

तसे सगळे हाक मारतात मला. चर्चची कौलं बसवायला, कबरीचा खड्डा खणायला, अडलेली गाय सोडवायला. मी जातो, नाही म्हणत नाही. काम झालं की "बरं झालं आलात" आणि दार बंद. नुसतं बसायला कोणी बोलावत नाही. मीही कधी कोणाकडे नुसता बसलेलो नाही म्हणा.

१२ सप्टेंबर, शनिवार

खोटं बोललो. आणि तेही कुठे — जाळीपुढे!

जिभेला हाड नाही म्हणतात ते खरं. "काही विशेष नाही" म्हणणार होतो आणि तोंडातून निघालं, "मुलाशी भांडलो, फादर. नको ते बोललो. आता बोलणं बंद आहे."

पलीकडे खुर्ची करकरली. फादर पुढे सरकले. "कधीपासून? कशावरून?" म्हटलं, शेतावरून. काहीतरी सांगायला हवं ना! मग त्यांनी विचारलं, जेवता का वेळेवर, झोप लागते का, मुलगा लहानपणी कसा होता. आणि मी सुटलोच! तो बटाट्याच्या पोत्यांत लपायचा ते, ट्रॅक्टरच्या सीटवरच झोपायचा ते, पहिल्यांदा शहरात निघाला तेव्हा बसमध्ये चढून पुन्हा उतरला ते. मागे रांगेतल्या म्हाताऱ्या खोकून खोकून दमल्या. मला मात्र इतकं बरं वाटलं!

आणि शेवटी फादर म्हणाले, "प्रायश्चित्त सोपं आहे. त्याला फोन करा आणि माफी मागा."

आली का पंचाईत!

भांडायचं तरी कसं? तेवढं बोलणं तरी हवं की नाही! महिन्यातून एकदा त्याचा फोन. "बरे आहात ना बाबा?" "बरा आहे." "पाऊस?" "आहे." "ठेवतो मग."

१३ सप्टेंबर, रविवार

रविवारच्या मिस्सेला गेलो, पण कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला उठलो नाही. पापकबुलीतच खोटं बोललेला माणूस कोणत्या तोंडाने पुढे जाणार? बाकावर एकटाच बसून राहिलो. सगळी रांग माझ्याकडे बघत पुढे गेली. शेजारच्या शेतातला सुतार परत येताना कानाशी म्हणाला, "काय हो, एवढं काय केलंत?" त्याच्या बायकोचे तर डोळेच हटेनात. आता उद्यापर्यंत गावात माझ्या नावावर दोन खून जमा होतील.

१६ सप्टेंबर, बुधवार

फोन उचलला. ठेवला. गाईला पाणी दाखवून आलो. परत उचलला. परत ठेवला. गाय बिचारी फुगली पाणी पिऊन.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

केला फोन.

सगळं ठरवून ठेवलं होतं. मी म्हणणार "माफ कर रे", तो म्हणणार "कशाबद्दल?", मी म्हणणार "असंच", की सुटलो! सुताराचं सुतारकाम आणि माझा फोन, दोन्ही आडवंतिडवं जमलं तरी चालतं.

म्हटलं, "माफ कर रे बाबा मला."

त्याने विचारलंच नाही, कशाबद्दल.

उलट म्हणाला, "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"मी रागावलोय ते."

मी खाली बसलो.

"आई गेली त्या दिवशी तुम्ही सुताराचे बटाटे काढत होता, बाबा."

अरे, पण तिनेच पाठवलं मला! सुताराचा पाय मोडलेला, पाऊस तोंडावर, बटाटे जमिनीत. तीच म्हणाली, "जा हो, माझ्यापाशी बसून काय अंडी उबवणार आहात?" डॉक्टर तर म्हणाला होता, अजून आहेत थोडे दिवस. हे सगळं त्याला एका दमात सांगितलं.

"हो," तो म्हणाला. "जा म्हणाली. आणि मग दिवसभर दाराकडे बघत होती. फाटक वाजलं की म्हणायची, आले बघ. वाऱ्याने वाजायचं ते. मी किती वेळा बघून आलो."

"कधी बोलला नाहीस!"

"तुम्ही विचारलं का कधी? शेवटी ती काय म्हणाली, एवढं तरी?"

नाही विचारलं. चिखलाने माखून घरी आलो तर ही गेलेली. मग अंघोळ केली, फादरांना बोलावलं, लंगडत्या सुताराला शवपेटीचं सांगितलं, दुसऱ्या दिवशी खड्डा मीच खणला. हिचा खड्डा दुसरं कोणी खणावं, असं वाटेना. कामं होती. कामं असली की विचारायचं राहून जातं. आणि कामं कधी नव्हती?

शेवटी म्हटलं, "ये ना एकदा." "बघतो," म्हणाला आणि ठेवला.

तीन वर्षं पोरगं मनात घेऊन बसलं होतं. आणि मी पाऊस सांगत होतो त्याला.

१९ सप्टेंबर, शनिवार

फादरांना सांगितलं — मागच्या वेळी खोटं बोललो. भांडण नव्हतं, नुसतं बोलायला माणूस हवं होतं. आणि आता कळलंय की ते खोटं नव्हतंच. सगळं सांगितलं. रडलो. जाळी होती म्हणून बरं.

फादर तरुण आहेत, माझ्या मुलाच्याच वयाचे. माझं रडणं थांबू दिलं. मग म्हणाले, "एक अख्खा दिवस घरात बसायचं. हाताला काम नाही. कोणी बोलावलं तरी उठायचं नाही. नुसतं बसायचं."

म्हटलं, फादर, त्यापेक्षा कळसापर्यंत चर्च रंगवून देतो!

"ते मागितलं नाही मी."

२३ सप्टेंबर, बुधवार

बसायला वेळ मिळाला नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

मुलाचा फोन नाही. "बघतो" म्हणजे काय? मी आयुष्यभर "बघतो" म्हणालो की जायचोच. हल्लीच्या "बघतो"चं काही कळत नाही.

उद्या बसणार.

२६ सप्टेंबर, शनिवार

पहाटेच गाईचं आटोपलं आणि बसलो. खुर्ची हिच्या पलंगापाशी ओढली. इथून फाटक सरळ समोर दिसतं. एवढी वर्षं या घरात राहिलो, हे मला माहीत नव्हतं.

हात शिवशिवतात. खिडकीची कडी ढिली आहे, ती तेवढी — नाही. बसायचं.

सुतार आला धावत. मुकादमने घर डोक्यावर घेतलं. "अहो, आभाळ भरून आलंय, बटाटे उघड्यावर! चला लवकर!" मी म्हटलं, आज येत नाही. त्याने सरळ माझ्या कपाळाला हात लावून बघितला! म्हटलं, ताप नाही रे, आज बसलोय. "बसलाय?" "बसलोय." वेड लागलेल्याकडे बघावं तसं बघत गेला. वाईट वाटलं. त्याच्या बटाट्यांचं खरंच वाईट वाटलं.

त्यानंतर फाटक वाजलं. उठलो. वारा. पुन्हा वाजलं. पुन्हा उठलो. पुन्हा वारा.

ती तर उठूही शकत नव्हती.

२६ सप्टेंबर, दुपार

पाऊस सुरू झालाय. फाटक वाजलं.

मुकादम उठून उभा राहिलाय. भुंकत नाही.